प्रतवारी

बाबा ग्रेडर होते, हिंगणघाटच्या खरेदी केंद्रावर.
बंडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे,
तळातला चिमूटभर कापूस दोन अंगठ्यांत ओढायचे,
दोनदा, तीनदा,
काळ्या बाहीवर तार ठेवून सांगायचे,
"एकोणतीस. पाणी मारलं हाय वरून."
बंडीवाला खाली बघायचा.

तान्ह्या पोळ्याला त्यांनी चहात मीठ घातलं.
मग चष्मा ज्वारीच्या कोठीत सापडला.
मग अंगणात उभं राहून मलाच विचारलं,
"बाई, चवरेचं घर कुठी आलं वो?"

साठी बुद्धी नाठी, गाव म्हणालं.
यांना एक्काहत्तर वर्षं लागली, मी म्हटलं.
कोणी हसलं नाही.
मावशीनं अंगारा आणला, तोही लावला.
कपाळाला काय लागतं.

वर्ध्याच्या डॉक्टरणीनं आधी रक्त काढलं.
थायरॉईड, बी-बारा, कानसुद्धा तपासले,
दुसरंच काही निघेल, बरं होणारं, म्हणून.
नाही निघालं.
मग म्हणाली, काका, घड्याळ काढा.
बाबांनी गोल काढला, सुरेख,
आणि बाराही आकडे एकाच अंगाला दाटले,
चाक रुतून कललेल्या बंडीसारखे.
"आता अकरा वाजून दहा दाखवा."
त्यांनी पेन्सिल ठेवली. "हे तुमीच पाहा."

हे वेड नाही, ती मला बाहेर म्हणाली.
मागे फिरवायचं औषध नाही.
गोळीनं थोडं थोपेल, थोपलं तर.
बाकी घरानं करायचं.

घरानं म्हणजे मी.
संडासाच्या दारावर लोटा रंगवला, ठळक निळा.
विहिरीवर जाळी. फवारणीचे डबे कुलपात.
आरशावर लुगडं टाकलं,
कारण आतला म्हातारा रोज त्यांच्याकडे विडी मागायचा.
सदऱ्याच्या आत माझा नंबर शिवला.
पानठेल्यावरच्या इस्माईलभाईला सांगून ठेवलं:
दिसले तर अडवू नका, सोबत चाला,
सरकीचा भाव विचारा, बोलता बोलता वळवा.

दिवे लागले की ते उठतात. "मी घरी चाललो."
पहिले सहा महिने मी भांडले, हेच घर आहे, बाबा.
भांडण मी जिंकायचे,
मग रात्रभर कोणीच झोपायचं नाही.
आता म्हणते, चला, पोचवून देते.
पऱ्हाटीच्या धुऱ्यानं पांदणीपर्यंत जातो,
तिथून मागे फिरतो,
आणि फाटकाशी आलो की तेच म्हणतात, "आलं बाप्पा."

"कासाबाई कुठी हाय?"
आत्याला जाऊन वीस वर्षं झाली.
एकदा खरं सांगितलं. ते ढसढसा रडले,
जणू आत्ताच तिरडी उठली.
दुसऱ्या दिवशी पुन्हा, कासाबाई कुठी हाय.
आता आत्या वेचणीला गेलेली असते.
वेचणी संपत नाही.

एका रात्री मी त्यांच्यावर हात उगारला.
डॉक्टरणीला सांगितलं, खाली बघत.
तिनं गोळी लिहिली नाही,
माझ्या भावाला फोन लावला:
महिन्यातून चार दिवस तुम्ही या.
येतो. दोन दिवस.

दुपारी परडीत कापूस देते, पहिल्या वेच्याचा,
थोडी कवडी मिसळून.
ते निवडतात. बोटं काही विसरली नाहीत.
ते झोपले की मी पुन्हा सगळं मिसळून ठेवते.

काल त्यांची नखं काढत होते.
माझ्या वाकलेल्या डोक्यातला एक पांढरा केस
त्यांनी चिमटीत धरला, हलकेच ओढला,
बाहीवर ठेवला, डोळे बारीक केले.
"तार लांब हाय. कोणाचा माल?"
चवरेचा, मी म्हटलं.
"पयल्या नंबरात टाका."

मग दुसरा हात पुढे केला.
अजून पाच नखं होती.